धुतलेली दोरी

एक गोष्ट मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. दोरीची कल्पना माझी होती आणि कल्पना उत्तम होती. पुढे जे काही झालं त्यात दोरीचा दोष नव्हता आणि माझा तर मुळीच नव्हता. निदान मी अजून तसंच म्हणतोय.

समुद्रकाठच्या अभयारण्यात मी गेली सतरा वर्षं गाइड आहे. फाटकापासून समुद्राच्या टोकापर्यंत चिखलावरून एक लाकडी फळ्यांची वाट जाते. दोन्ही बाजूंना कमरेएवढा कठडा. टोकाशी उभं राहिलं की समोर वाळूची पट्टी, आणि त्या पट्टीवर उन्हाळ्यात सुरय पक्ष्यांची वसाहत. भरती चढली की पट्टी आखडते आणि सगळे पक्षी पिल्लांसकट अगदी कठड्यापाशी येतात. अर्धा तास. मग पाणी ओसरतं आणि ते पुन्हा लांब जातात. हे दृश्य मी शेकडो लोकांना दाखवलंय. फक्त माझ्या सख्ख्या बहिणीला दाखवता आलं नव्हतं, कारण टोकाच्या आधी नऊ पायऱ्या होत्या.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बारा वर्षांपूर्वी एका आजारात तिचे पाय गेले आणि ती चाकांच्या खुर्चीवर आली. जीभ मात्र जागच्या जागी राहिली. आमचं घर फाटकापासून सायकलवर दहा मिनिटं. दोनदा ती त्या नऊ पायऱ्यांपर्यंत आली, त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि काही न बोलता परत फिरली. ताई काही न बोलता परत फिरते म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. पुढचं सगळं तिने बारा वर्षं माझ्या तोंडून ऐकलं.

म्हणून यंदा मुख्य कचेरीने पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प बांधून दिला तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. पण कचेरीच ती. रॅम्प दिला तो परीक्षेपुरता, साहेब येईपर्यंत त्यावर कुणी जायचं नाही. एक साहेब येणार, अपंग पाहुण्यांसाठीची सहल स्वतः करून बघणार आणि मग ठरवणार. पसंत पडली तर दर शनिवारी सहल आणि रॅम्प कायमचा. नाही पडली तर दुसऱ्याच दिवशी मजूर येऊन फळ्या उचकटून दुसऱ्या उद्यानात नेणार. आणि पिल्लं त्याच आठवड्यात उडून जायची होती. म्हणजे ताईला काय दिसायचं ते त्या एका दिवशी दिसणार होतं, साडेदहा ते अकरा.

मी तयारीला लागलो. मी तयारीला लागलो की घरचे बाहेरची कामं काढतात. अंध पाहुण्यांसाठी मी डाव्या कठड्यावर फाटकापासून टोकापर्यंत एक अखंड दोरी बांधली आणि तिला गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे पुढे वळण. दोन गाठी म्हणजे दोरी सोडा, उजवीकडे चार पावलं टाका, बाक आहे. तीन गाठी म्हणजे थांबा आणि गळ्यातल्या डबीचं बटण दाबा. बटण दाबलं की इअरफोनमधून माझा आवाज येणार. वारा, वास, पक्ष्यांची हाक, सगळं मी त्यात भरलं होतं. हाताने चाचपायला अंड्याची भोपळ्याएवढी लाकडी प्रतिकृती होती. शिवाय एक्केचाळीस सूचनांचं पत्रक.

ताईने पत्रक वाचलं आणि विचारलं की यातलं काही तू कुणा अंध माणसाला विचारून केलंयस का. मी म्हटलं, या वाटेवर सतरा वर्षं कोण चालतंय? तिने पत्रक घडी घालून परत दिलं. तिची खुर्ची मी ढकलणार हे कलम तिने आधीच पेनने खोडलं होतं.

ऑपरेटरबाईंना मात्र मी फोन करून गाठींचा सगळा तक्ता पाठ म्हणून दाखवला. या जन्मांध, तीस वर्षं टेलिफोनच्या फळ्यावर काम करून निवृत्त झालेल्या. त्यांनी मधे एकदाही मला थांबवलं नाही. शेवटी फक्त म्हणाल्या की चाळीसच्या पुढे बहात्तर पावलांवर म्हणालात ना, मग एकशे दहा कसं होईल, एकशे बारा. तिसरे पाहुणे घड्याळजी, म्हणजे आमच्या बाजारातले घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी मी मोठ्या अक्षरांत पाट्या लिहिल्या होत्या. पाहुणे एवढेच, तीन.

आता गोंधळाचा पाया कसा घातला गेला ते ऐका. साहेब यायच्या आदल्या दिवशी मला वाटलं, दोरी खाऱ्या हवेने काळवंडलीय. मी खलाशीकाकांना सांगितलं की काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि पुन्हा बांधा. खलाशीकाका चाळीस वर्षं बोटीवर काढून आता आमच्याकडे डागडुजी करतात. दोरी म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. संध्याकाळी बघितली तर दोरी अशी ताणून बांधलेली की वाजवली तर सूर निघावा. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. गाठी मोजून बघायचं मला सुचलं नाही. स्वतःच मारलेल्या गाठी कोण मोजतो?

दुसऱ्या दिवशी साहेब दहाला आले. उंच, शांत, हातात वही. तिन्ही पाहुणे फाटकापाशी हजर होते. सरळ निघालो असतो तर पंधरा मिनिटांत टोकाला पोहोचलो असतो आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण साहेबांनी दोरीवर बोट ठेवून विचारलं की हिच्यावर खरंच भरवसा ठेवता येईल का. झालं. माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला.

मी म्हटलं, "साहेब, डोळ्यांना पट्टी बांधा आणि स्वतः बघा. तुम्हीच काय, मीसुद्धा बांधतो."

ताई म्हणाली, दहा वाजून गेलेत, आधी आपण टोकाला जाऊ, खेळ मग करा. मी तिला समजावलं की ही परीक्षा आहे, दहा मिनिटांत आम्ही परत येऊ, तोवर तिघांनी इथेच थांबायचं आणि वसाहत जवळ असल्याने कुणी आवाज करायचा नाही. कलम सात. ताईने शब्द गिळलेला मला दिसला आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

आम्ही पट्ट्या बांधल्या, कानात इअरफोन घातले आणि निघालो. मी पुढे, साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. माझा डावा हात दोरीवर. चाळीसेक पावलं झाली आणि बोटांना दोन गाठी लागल्या. बाक. मला जरा नवल वाटलं. पहिला बाक नव्वद पावलांवर होता. पण म्हटलं, साहेबांची ढांग मोठी. दोरी सोडली, उजवीकडे चार पावलं टाकली. बाक नाही. आणखी चार टाकली. तरी बाक नाही. घाम फुटायच्या बेतात होता, तेवढ्यात हाताला दोरी लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. दोरी आहे म्हणजे आपण बरोबर आहोत.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. चाळीस पावलांवर उजवीकडे एक फाटा फुटतो. तो आमच्या कर्मचाऱ्यांच्या खोल्यांकडे आणि पंपाच्या शेडकडे जातो. माझ्या हाताला लागलेली दोरी ही आमच्या आचाऱ्याची कपडे वाळत घालायची दोरी होती. जुनीपानी, जागोजागी तुटलेली. आणि आचारी प्रत्येक जोडाला न चुकता तीन गाठी मारतो.

पहिल्या तीन गाठी लागल्या. मी थांबलो, साहेबांना खूण केली आणि दोघांनी बटण दाबलं. इअरफोनमध्ये माझा आवाज म्हणाला, "आता चेहऱ्यावर जो ओलसर, गार स्पर्श होतोय तो थेट समुद्रावरून येणारा वारा." त्याच क्षणी माझ्या तोंडावर काहीतरी ओलं, गार आणि चांगलं जड येऊन आदळलं. ती चादर होती. मागून साहेब म्हणाले की अनुभव फारच जिवंत आहे. आवाज पुढे सांगत होता की खोल श्वास घ्या, हा गंध खारफुटीच्या फुलांचा. साहेबांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले की हा वास लहानपणापासून ओळखीचा वाटतो. वाटणारच. साबणाचा होता.

माझ्या मनात पाल चुकचुकली होती, हे कबूल करतो. पण पट्टी काढायची म्हणजे साहेबांसमोर हार मान्य करायची. त्यापेक्षा मी आणखी सहा पावलं टाकली आणि पुन्हा तीन गाठी. साहेबांनी कौतुक केलं, थांबे किती जवळजवळ ठेवलेत, दमायला होत नाही. बटण दाबलं. "ऐका," माझा आवाज कुजबुजला, "समोर हजारो सुरय पक्षी आहेत. त्यांच्या हाका ऐका." आम्ही इअरफोन काढून ऐकू लागलो. धडधड, धडधड, धडधड. साहेब बराच वेळ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले की पक्षी लहान असून आवाज किती खोल आहे. मी म्हटलं, वसाहत मोठी आहे, साहेब. दुसरं काय म्हणणार? सतरा वर्षांत मी सुरय पक्ष्याला पंपासारखं ओरडताना ऐकलं नव्हतं, पण साहेबांना ऐकू येत होतं.

तिसऱ्या गाठींपाशी मला पळून जावंसं वाटत होतं. पण साहेब रंगात आले होते. त्यांनी माझ्याआधीच बटण दाबलं. आवाज म्हणाला, "उजवा हात पुढे करा. सुरय पक्ष्याच्या अंड्याची मोठी प्रतिकृती हाताला लागेल. तिच्यावरून हळुवार हात फिरवा." साहेबांनी हात पुढे केला. मी ऐकत होतो.

"वा," साहेब म्हणाले. "काय गुळगुळीत काम केलंय. आणि उबदारसुद्धा ठेवलंय."

उबदार ठेवायची सोय मी केलेली नव्हती.

"आता," माझा आवाज उत्साहाने म्हणाला, "टिचकी मारून बघा. पोकळ नाद येईल." साहेबांनी टिचकी मारली. एकदा मारली, नाद आला नाही म्हणून दुसऱ्यांदा जरा जोरात मारली. तेव्हा प्रतिकृती खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब, ते माझं डोकं आहे."

पट्ट्या काढल्या. समोर आमचा आचारी बादलीपुढे उकिडवा बसला होता, हातात पिळलेला टॉवेल, टकलावर दोन लाल ठिपके. मी त्याच्यावर खेकसलो की आधी बोलायला काय झालं होतं. तो म्हणाला की एवढे मोठे साहेब मायेने डोक्यावरून हात फिरवतायत, मधे कसं बोलायचं. साहेबांनी चादरीकडे बघितलं, पंपाकडे बघितलं, वही उघडली आणि काहीतरी लिहिलं.

मी घड्याळ बघितलं. अकराला दहा कमी! तीन थांब्यांवर मिळून माझा आवाज अर्धा तास बोलला होता. तसाच फाटकाकडे धावलो. वाटेत खलाशीकाका भेटले. मी ओरडून विचारलं की दोरीचं काय केलंत. त्यांनी मान ताठ करून सांगितलं की धुतलेली दोरी परत लावताना नेहमी टोकं उलटी करायची, या बाजूचं टोक त्या बाजूला, म्हणजे झीज दोन्हीकडे सारखी होते आणि दोरी दुप्पट टिकते. बोटीवर दर सहा महिन्यांनी करतात. चाळीस वर्षांत एकदाही कुणी तक्रार केली नव्हती, असंही म्हणाले. त्या दोरीत अर्थ भरलेला आहे हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ते एक्केचाळीस कलमांत राहून गेलं होतं.

फाटकापाशी कुणी नव्हतं.

ताई नाही, ऑपरेटरबाई नाहीत, घड्याळजी नाहीत. नुसती माझी मोठ्या अक्षरांतली पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली: येथे थांबा. माझी पाचावर धारण बसली. एकजण चाकांच्या खुर्चीत, एकीला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, दोरी उलटी आणि खाली भरतीचं पाणी. गाठींच्या नादात बाई उजवीकडे वळल्या असतील, ताईची खुर्ची चिखलात गेली असेल. आईला काय तोंड दाखवू? रॅम्प, साहेब, परीक्षा, सगळं गेलं खड्ड्यात. मी फळ्यांच्या वाटेवरून ताईच्या नावाने ओरडत धावत सुटलो. मागून साहेब धावत होते, वही छातीशी धरून, पट्टी गळ्यात लोंबत.

वाट लाकडाची. तिच्यावरून बूट घातलेले दोन पुरुष धावले की आवाज कसा होतो, ते मला ठाऊक असायला हवं होतं. कलम नऊ: वाटेवर धावू नये. रॅम्प चढून मी टोकाशी पोहोचलो आणि त्याच क्षणी समोरची अख्खी वसाहत एकदम उठली. हजारभर पंख, कर्कश कलकलाट, पांढरंशुभ्र आभाळ. दोन-तीन घिरट्या घातल्या आणि पक्षी वाळूच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. साहेब धापा टाकत पोहोचले तेव्हा त्यांना दिसल्या त्या फक्त शेपट्या.

कठड्यापाशी ते तिघं होते. ताई खुर्चीत, बाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर, घड्याळजी शेजारी दुर्बीण धरून. तिघांचीही तोंडं माझ्याकडे वळली. देवळात कुणी ताट पाडलं की लोक बघतात, तसं.

"पळत कशाला आलास?" ताई म्हणाली.

मी म्हटलं की तुम्हाला थांबायला सांगितलं होतं. ताईने शांतपणे सगळं सांगितलं. आम्ही उजवीकडे वळलेलं तिने बघितलं. आधी हात हलवले, पण आमच्या डोळ्यांवर पट्ट्या. मग कलम सात मोडून दोन हाका मारल्या, पण आमच्या कानात माझाच आवाज. ऑपरेटरबाईंनी दोरीवर बोटं फिरवली आणि तिथल्या तिथे सांगितलं की दोरी उलटी लागलीय, तक्ता शेवटाकडून मोजायचा, बस. घड्याळजींनी घड्याळ दाखवलं. तिघं निघाले. सव्वादहाला फाटक सोडलं आणि दहा पंचवीसला टोकाला पोहोचले. रॅम्पवर ताई स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत चढली. कुणी ढकललं नाही.

"आणि पक्षी?" मी विचारलं.

ताईचे डोळे लाल होते. बारा वर्षांत मी ते तसे बघितले नव्हते, आजारपणातसुद्धा नाही.

"तू बारा वर्षं सांगतोयस की ते पांढरे असतात," ती म्हणाली. "अरे, डोकं काळं आहे त्यांचं. टोपी घातल्यासारखं. एवढं साधं कधी सांगितलं नाहीस."

मी तिला लॅटिन नाव सांगितलं होतं. अंड्यांची सरासरी संख्या, स्थलांतराचं अंतर, पंखांचा विस्तार, सगळं सांगितलं होतं. काळ्या डोक्याचं राहून गेलं होतं. मला वाईट वाटलं, आणि आनंदही झाला, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. तिला हे दाखवायचं तेव्हा काय म्हणायचं, ते वाक्यसुद्धा मी घोकून ठेवलं होतं. तो क्षण आला तेव्हा मी पंपापाशी उभा राहून आचाऱ्याच्या डोक्याची माहिती देत होतो.

साहेबांनी वही उघडली आणि पाहुण्यांना त्यांचं मत विचारलं. आता सगळं त्यांच्या शब्दावर होतं. घड्याळजींनी वहीत स्वतःच लिहिलं की रॅम्पचा चढ योग्य आहे, पाट्या कमी करा. ऑपरेटरबाई म्हणाल्या की दोरी फार चांगली आहे, उलटी लागली तरी चालली, यापेक्षा मोठी परीक्षा कोणती. ताई म्हणाली की रॅम्प काढायला माणसं आली तर ती त्यावर खुर्ची लावून बसेल. साहेब पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी विचारलं की सहलीत काही अडचण वाटली का. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनीही बघितल्यासारखं केलं. आणि मग तिघंही, अगदी सौजन्याने, काहीच बोलले नाहीत. साहेबांनी एक नजर माझ्याकडे टाकली आणि लिहायला लागले.

रॅम्प राहिला. दर शनिवारी सहल जाते. ऑपरेटरबाईंनी दोरी तपासून स्वतः बांधून घेतली आणि खलाशीकाकांना गाठींचा तक्ता तोंडपाठ करायला लावला. पुढे ताई असते. काय बोलायचं, कधी गप्प बसायचं, ते ती ठरवते, आणि लोक दुसऱ्यांदा येतात. माझ्या वेळी दुसऱ्यांदा फारसं कुणी येत नसे. साहेबांच्या मंजुरीच्या कागदावर माझ्या कामाचं स्वरूपही स्पष्ट लिहून आलंय: फाटकापाशी थांबणे.

तीन शनिवार मी थांबलो. चौथ्या शनिवारी राहवलं नाही. माणसं निघाल्यावर मी खाली बघत ताईला विचारलं की मीसुद्धा येऊ का. सतरा वर्षांच्या नोकरीत मी त्या वाटेवर जायची परवानगी पहिल्यांदाच मागत होतो. ती म्हणाली, ये, पण सगळ्यात मागे राहा आणि बोलू नकोस.

गेलो. बूट काढून हातात घेतले. ओठ आवळून ठेवले. एका पाहुण्याने बगळ्याला क्रौंच म्हटलं, तरी मी हूं की चूं केलं नाही. टोकाशी पोहोचलो. सुरय केव्हाच उडून गेले होते, पण पट्टीवर बगळे उतरले होते. सगळी माणसं कठड्याला टेकून शांत उभी राहिली आणि मीही त्यांच्यामागे उभा राहिलो. एवढी शांतता मी त्या जागी कधी ऐकलीच नव्हती. मला अगदी भरून आलं.

तेवढ्यात ताई मागे न वळता, हळू आवाजात म्हणाली, "श्वास जरा बेताने घे. त्यांना ऐकू येतोय."